कोरमकाका

त्यांचं खरं नाव पहिल्या मजल्यावरच्या पाटीवर आहे, पण ते कुणी घेत नाही. तुमच्या सोसायटीतही हे गृहस्थ आहेतच, फार तर दुसऱ्या विंगमध्ये असतील. काखेत आदर्श उपविधींची पुस्तिका, तिच्यातून डोकावणाऱ्या पिवळ्या चिठ्ठ्या, आणि लिफ्टमध्ये दोघंच असलो तरी सुरुवात "माननीय सभासद" अशी.

लिफ्टवरून आठवलं. तळमजल्यावरच्या वहिनींनी एकदा विचारलं, "मी आजवर त्या लिफ्टचं बटण दाबलेलं नाही, मग तिचे पैसे मी का भरायचे?" दुसरा कुणी असता तर "जाऊ द्या हो वहिनी" म्हणून मोकळा झाला असता. काकांनी पुस्तिका उघडली. लिफ्टचा खर्च इमारतीतल्या सगळ्यांना सारखा, वापरा नाहीतर न वापरा. सेवा शुल्कही सगळ्यांना सारखंच. पाण्याचे पैसे मात्र नळांच्या संख्येवर. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का. थकबाकीवर व्याज जास्तीत जास्त 21 टक्के, तेही सरळव्याज. काका व्याजापर्यंत पोचले तोवर वहिनींच्या कुकरचं पाणी संपलं होतं. त्या संध्याकाळी वहिनी लिफ्टने सातव्या मजल्यापर्यंत चार वेळा जाऊन आल्या. वसुली म्हणून.

पण काकांचा खरा जीव कोरममध्ये. आमची घरं 42. एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश किंवा 20, यांत जो आकडा कमी तो कोरम, म्हणजे 20. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत, पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. येतात सात. त्यातले दोघे वड्यांसाठी. अशा वेळी काका मनगट डोळ्यांजवळ नेऊन जाहीर करतात, "कोरमअभावी सभा तहकूब. अर्ध्या तासाने, याच ठिकाणी." मग तेच सात जण त्याच खुर्च्यांवर अर्धा तास बसून राहतात. एकदा मध्येच कुणी म्हणालं, "अहो, वरची टाकी वाहतेय." काका म्हणाले, "सभा सुरू नाही." टाकी वाहत राहिली. अर्ध्या तासाने तहकूब सभा सुरू झाली. तिला कोरमचं बंधन नसतं, त्यामुळे सात जणांनी टाकीचा ठराव केला आणि तो 42 घरांना लागू झाला. एव्हाना खालची टाकी रिकामी होती.

हे वेड पार्किंगपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. गणपतीच्या आरतीला काका टाळ वाजवता वाजवता डोकी मोजतात. सत्यनारायणाच्या तीर्थाला हात पुढे करतानाही पुटपुटतात, "चौदा. सहा कमी." चौथ्या मजल्यावरचे आजोबा गेले तेव्हा खाली गर्दी झाली होती. काका माझ्या कानाशी आले. "तेवीस. आणि सभेला आमच्याबरोबर हे एकटे यायचे."

1960 चा सहकारी संस्थांचा कायदा तर ते घरातल्या वडीलधाऱ्याबद्दल बोलावं तसे बोलतात. एकदा मूळपुरुषापर्यंत गेले. 1915 साली गावदेवीला सारस्वतांनी सोसायटी काढली, मुंबईतल्या पहिल्यांपैकी, रावबहादूर तळमकींची कामगिरी वगैरे. वहिनींनी विचारलं, "तेव्हा कोरम व्हायचा का हो?" त्यावर काका गप्प झाले. हा एकच प्रसंग.

मला त्यांच्याबद्दल चांगलं लिहायचं नव्हतं. पॅसेजमधल्या माझ्या चपलांच्या रॅकवरून त्यांनी मला लेखी नोटिस दिली होती, पोच घेऊन. पण पावसाळ्यात माझ्या छतातून पाणी ठिबकू लागलं, आणि कमिटी म्हणाली, घर तुमचं, दुरुस्ती तुमची. काका बोलावल्याशिवाय सभेत उभे राहिले. गच्चीतून झिरपणारं पावसाचं पाणी ही संस्थेची जबाबदारी, असं पिवळ्या चिठ्ठीसकट वाचून दाखवलं आणि इतिवृत्तात नोंदवूनच खाली बसले. वॉटरप्रूफिंग झालं. मी आभार मानायला गेलो तर म्हणाले, "रॅकचं काय केलंत?"

मग पुनर्विकास आला. 4 जुलै 2019 च्या शासन निर्देशांप्रमाणे त्या सभेला दोन तृतीयांश सभासद हवेत, आमच्याकडे 28. तिथे अर्ध्या तासाची मात्रा चालत नाही. काकांना आठवडाभर झोप नव्हती. सभेच्या दिवशी 42 च्या 42 हजर! फ्लॅट भाड्याने देऊन पुण्याला गेलेले आले, वर्गणीला दार न उघडणारे आले. काकांनी दोनदा मोजलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजलं, आणि भरल्या आवाजात मागील सभेचं इतिवृत्त वाचायला घेतलं. "ते राहू द्या हो," मागून आवाज आला, "कार्पेट एरिया किती वाढवून देणार ते बोला!" पाऊण तासात बिल्डर ठरला. जमिनीचं अभिहस्तांतरण झालंय का, हे विचारायला काकांनी वर केलेला हात टाळ्यांमध्ये कुणाला दिसला नाही. घरी जाताना मला म्हणाले, "टॉवरमध्ये दोनशेच्या वर घरं होणार. कोरम मात्र वीसच राहील बरं का."

आता इमारत पाडली आहे. आम्ही बदलापूर, विरार, जिथे भाडं परवडलं तिथे पांगलो. पण संस्था कायद्याने जिवंत आहे, म्हणजे 30 सप्टेंबरही जिवंत. पूर्ण चौदा दिवस आधी नोटिस आली. सभेचं स्थळ, संस्थेचा नोंदणीकृत पत्ता. पत्र्याच्या कुंपणाआड आम्ही चौघं, सेक्रेटरी, वहिनी, काका आणि मी. वॉचमन धावत आला, "इथे कोणी राहत नाही!" काकांनी त्याला नोटिस दाखवली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि केबिनमधून एक खुर्ची आणून वहिनींना दिली. सभा तहकूब झाली. पाऊस भुरभुरत होता. अर्ध्या तासाने ती रीतसर सुरू झाली. पहिला ठराव, खुर्ची दिल्याबद्दल वॉचमनचे आभार. सूचक वहिनी, अनुमोदक मी. एकमताने मंजूर.