डब्यातला कोच

डोंबिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या फास्ट लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा माणूस टेकायला आला, की खिडकीतून प्रश्न येतो, "साहेब, छत्तीस का?" साहेब गोंधळतात. आधी त्यांना वाटतं सीटचा नंबर विचारतायत, मग वाटतं वय विचारतायत आणि ते मनातल्या मनात खूश होतात. खिडकीतला माणूस कंबर विचारत असतो. "आपल्याकडच्या पुरुषांनी नव्वद सेंटिमीटर ओलांडायचे नाहीत. म्हणजे पस्तीस इंच झाले, की संपलं. बसा, बसा. पण त्या एका इंचापायी तुमचं अर्धं अंग बाहेर आहे बघा."

या गृहस्थाला गाडीच्या ग्रुपमध्ये 'कोच' म्हणतात. बारा डब्यांच्या लोकलला बारा कोच असतात आणि त्या प्रत्येकात असा एकेक कोच बसलेला असतो. पंधरा डब्यांच्या गाडीत पंधरा. कल्याणपासून कर्जतपर्यंत आणि तिकडे वसई-विरारपर्यंत हा माणूस सगळीकडे सापडतो. फक्त खिडकी बदलते.

आपला डोंबिवलीचा कोच चोपन्न वर्षांचा आहे. फोर्टातल्या एका कचेरीत हिशेबाच्या टेबलावर त्याची एकतीस वर्षं गेली. हातपाय काटकुळे, मान ताठ, आणि पोट असं, की त्याला वेगळा पास काढावा. सॅक कायम पुढे, छातीवर. त्यात डबा, छत्री, पाण्याची बाटली, पाच बदाम भिजवलेली डबी आणि एक रेझिस्टन्स बँड. हा रबरी पट्टा दोन वर्षांत एकदाच कामी आला, चेन बिघडलेली सॅक बांधायला.

कोचची माहिती चुकीची असती, तर त्याला गप्प करणं सोपं गेलं असतं. पण ती बरोबर असते. रोज दहा हजार पावलांचा आकडा कोणत्या मोठ्या अभ्यासातून आलेला नव्हता. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ च्या सुमारास, एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं, त्याचं नाव ठेवलं 'दहा हजार पावलांचं मापक' आणि तो आकडा जगभर पसरला. हे खरं आहे. २०१९ साली अमेरिकेतल्या वयस्क बायकांच्या एका मोठ्या अभ्यासात दिवसाला साडेसात हजार पावलांच्या पुढे फायदा फारसा वाढताना दिसला नाही, हेही खरं आहे. कोच ना वयस्क बाई आहे ना अमेरिकेतला, पण हे वाचलं त्याच संध्याकाळी त्याने आपल्या घड्याळातलं लक्ष्य दहा हजारांवरून साडेसात हजारांवर आणलं. विज्ञानापुढे हट्ट करू नये, असं त्याचं म्हणणं.

त्या घड्याळाचं एक गुपित आहे. मनगटावरचं घड्याळ पाय बघत नाही, हाताच्या हिंदोळ्यावरून अंदाज बांधतं. परतीच्या गाडीत वरची कडी धरून उभं राहिलं, की कुर्ला ते ठाणे हात असा काही हलतो, की कोचची पाचसातशे पावलं जागच्या जागी पडतात. गाडी विद्याविहारच्या पुढे रखडली, की कोच अस्वस्थ होतो. लोकांना घरी पोचायची घाई असते, त्याची पावलं थांबलेली असतात.

जिमबद्दल त्याचं मत पक्कं आहे. ट्रेडमिल १८१८ साली इंग्लंडमध्ये तुरुंगातल्या कैद्यांना राबवण्यासाठी निघाली. "आणि आपण पैसे देऊन चढतो!" हे वाक्य तो वर्षाचे पैसे भरून अकरा दिवस गेलेल्या माणसाच्या कडवटपणाने म्हणतो. जिमच्या लॉकरची किल्ली अजून जुडग्यात आहे. त्यापेक्षा सूर्यनमस्कार. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला, पुस्तकं लिहिली, संस्थानातल्या शाळांत पोरांकडून घालून घेतले. कोच हे सगळं ठाण्यापासून घाटकोपरपर्यंत सांगू शकतो. प्रत्यक्षात त्याला पहिली स्थिती तेवढी जमते. छातीशी हात जोडून ताठ उभं राहायचं. मात्र संध्याकाळच्या दादरनंतर अख्खा डबा त्याच स्थितीत असतो, त्यामुळे त्याचं कौतुक होत नाही.

फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या तेव्हा तो प्राणायाम करायचा. अलीकडच्या तोंडाला श्वास घ्यायचा आणि सव्वा किलोमीटर पलीकडे उजेड दिसला, की सोडायचा. एकदा गाडी सिग्नलला आतच थांबली. कोच लालबुंद झाला, समोरच्या माणसाने बाटली उघडून दिली. २०२२ च्या फेब्रुवारीत ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, लोकल मुंब्र्यावरून जायला लागल्या आणि तेव्हापासून आपली फुप्फुसं उतरणीला लागली, असं तो सांगतो.

आहाराच्या बाबतीत महाराष्ट्राचे सरळ दोन भाग पडलेले आहेत. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवा. मुळात हा विचार नागपूरच्या श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानातून आला. ऋजुता दिवेकर म्हणतात, दर दोन तासांनी थोडं खा, तूप घ्या, घरचं खा. कोणत्याही लग्नाच्या पंगतीत ही दोन्ही घराणी समोरासमोर बसलेली दिसतात. कोच दोन्हींकडचा. डोंबिवलीला गाडीत बसल्याबरोबर तो दीक्षितांचा असतो: डबा उघडतो आणि "पंचावन्न मिनिटं आहेत, घाई नाही" म्हणत दादर जाईपर्यंत सावकाश पोळीभाजी खातो. अकरा वाजता कचेरीत कोणीतरी पेढे आणतं. तेव्हा दोन तास झालेले असतात आणि तो दिवेकरांचा होतो. दोघांनीही ज्यावर काट मारली असती तो वडापाव संध्याकाळी स्टेशनबाहेर होतो. त्याला कोच आहारात धरत नाही, प्रवासात धरतो.

कामाच्या तासांवर बोलायला लागला, की हा माणूस खरा फुलतो. २०२३ साली नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करायला सांगितलं, त्या दिवशी डब्यात भजन झालं नाही, चर्चा झाली. कोचने पासाच्या प्लास्टिकवर बोटाने हिशेब मांडला. कचेरी रोज साडेआठ तास, शनिवार धरून सहा दिवस, एकावन्न. घर ते टेबल दीड तास, परत दीड, सहा दिवसांचे अठरा. झाले एकोणसत्तर. "राहिला एक. तो सिग्नलमध्ये जातो. मूर्तीसाहेबांना सांगा, डोंबिवली पहिल्यापासून सत्तरच भरते." पुढे २०२५ च्या जानेवारीत एका बड्या कंपनीचे अध्यक्ष नव्वद तासांची भाषा बोलले, तेव्हा त्याने एकच शंका काढली: साहेब कोणत्या स्टेशनला चढतात?

हा विनोद चांगला होता हे मान्य करायला हवं. डबा हसला, आणि ठाण्याला उतरून ऐरोलीकडे जाणारा ग्रुपमधला सगळ्यात लहान मुलगा म्हणाला, "काका, हे तुम्ही लिहून काढा." कोचने त्याला तिथल्या तिथे वाकून बसायची सवय मोडायला सांगितलं.

आता वहिनींविषयी. कोचच्या पत्नी डोंबिवलीतच प्राथमिक शाळेत शिकवतात. कोचच्या मते त्यांचं राहणीमान बैठं, कारण त्या ट्रेनने जात नाहीत. गेल्या वर्षी त्याने नवं घड्याळ घेतलं आणि जुनं "निदान आकडा तरी कळू दे तुझा" म्हणत त्यांच्या मनगटाला बांधलं. रात्री जेवताना आकडा पाहिला. चौदा हजार दोनशे. कोचने घास खाली ठेवला. त्याने घड्याळ काढून झटकलं, बंद केलं, चालू केलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधलं. तेरा हजार नऊशे. त्यात पहाटेचा डबा होता, तीन मजल्यांची शाळा होती, चाळीस पोरांमधून पाच तास फिरणं होतं, येताना भाजी आणि संध्याकाळी सासूबाईंना पायऱ्यांवरून वरखाली नेणं होतं. कोचने शेवटी निर्णय दिला, "जुनं झालं, चुकीचं मोजतं." वहिनी म्हणाल्या, "अहो, मग टाकून द्या. मला हातात अडकतं कणीक मळताना." घड्याळ सध्या फ्रिजवर आहे.

पण कोचवर सगळ्यात मोठा प्रयोग झाला तो कोरोनात. २०२० च्या मार्चमध्ये लोकल बंद झाली. ज्या गाडीला इतक्या वर्षांत बहुतेकदा फक्त पाऊसच थांबवू शकला होता, ती थांबली आणि कोच घरी बसला. प्रवासाचे तीन तास रोज हातात आले. त्याने फ्रिजवर तक्ता चिकटवला: सहा ते साडेसहा प्राणायाम, मग सूर्यनमस्कार, मग गच्चीत चालणं, अकराला ताक. माणसाला वेळ मिळाला तर तो काय करू शकतो, हे जगाला दाखवायची संधी होती. जगाने पाहिलं. जूनमध्ये अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी गाड्या सुरू झाल्या, कोच त्यात बसत नव्हता. दुसरं वर्ष उजाडलं. दोन डोस घेतलेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून लोकलमध्ये मुभा मिळाली, त्या दिवसापर्यंत कोच नऊ किलोंनी वाढला होता आणि पट्ट्याला खिळ्याने दोन नवी भोकं पाडून झाली होती.

मग गाडी सुरू झाली. घर ते स्टेशन सव्वा किलोमीटर, कारण रिक्षाची रांग त्याहून लांब. पुलाचा जिना. सीएसएमटीवर गाडीच्या शेवटच्या डब्यापासून फाटकापर्यंत, तिथून भुयारी मार्ग, तिथून फोर्ट. संध्याकाळी हेच उलटं, वर पाऊणएक तास दोन पायांवर, कधी एकाच. दिवाळीपर्यंत सहा किलो उतरले. कोचने डब्यात पेढे वाटले आणि श्रेय कोणाला दिलं? पंचावन्न मिनिटांना, बदामांना आणि बोगद्यातल्या कुंभकाला. ज्या गाडीने त्याला घडवलं तिच्याच सीटवर बसून तो म्हणाला, "रोजच्या प्रवासाने माणूस खलास होतो हो. नाहीतर आणखी उतरलं असतं."

हे त्याला कोणी सांगत नाही. सांगायचा मोह मागच्या पावसाळ्यात झाला होता. सकाळची वेळ, फलाटावर माणसांची भिंत. कोच आपल्या ठरलेल्या जागी, डबा बरोबर समोर येतो त्या खांबाशी, ऐरोलीच्या मुलाला समजावत होता, की पन्नाशीनंतर जिना चढावा तो सावकाश, श्वास मोजत, टाच आधी टेकवून. तेवढ्यात घोषणा झाली, की गाडी दुसऱ्या फलाटावर येते आहे. वाक्य पूर्ण व्हायच्या आत भिंत फुटली. पुलाकडे धावलेल्या त्या दोनएकशे माणसांत सगळ्यात पुढे एक सॅक छातीवर घेतलेला, काटकुळ्या पायांचा, पोटाचा माणूस होता. सरकता जिना भरलेला म्हणून त्याने दगडी जिना धरला, दोन दोन पायऱ्या, वरती एका हारवाल्याला वळसा, उतरताना कठड्यावर नुसतं बोट. गाडी थांबायच्या आधी तो आत होता. ऐरोलीचा मुलगा, वय चोवीस, जिमचा सभासद, धापा टाकत दारात पोचला तेव्हा कोच खिडकीशी बसून डबा उघडत होता.

"धावू नये असं," तो त्याला म्हणाला. "गुडघे जातात."

एरवी तो भेटायला सोपा आहे. डोंबिवली फास्ट, मधला डबा, हवेच्या बाजूची खिडकी. चौथ्या सीटवर टेकणार असाल, तर आधी पोट आत घ्या; तो बघतोच.