सभ्य मर्सिडीजची थेरं

बातमी फिनलंड-स्वीडनकडची आहे, पण दार लोटून घ्या, मग सांगते. तिकडे म्हणे जुनीपुराणी, चौकोनी, चार माणसांत उठून न दिसणारी व्होल्वो सिग्नलवरून अशी सुटते की शेजारचा महागडा गाडीवाला बघतच राहतो. मागच्याला तर काहीच दिसत नाही, कारण मागे नुसता काळाकुट्ट धूर. बॉनेट उघडून पाहावं तर आत व्होल्वोचं इंजिनच नाही! मर्सिडीजचं. तेही डिझेल. शिव शिव शिव.

इंजिनाचं नाव ओएम ६०६. तीन लिटर, सहा सिलिंडर, चोवीस व्हॉल्व्ह. १९९०च्या दशकातल्या ई-क्लासमध्ये ते टर्बोसकट १७७ अश्वशक्ती देऊन गुमान नांदत होतं. आता तेच भंगारातून उचलायचं आणि ४००-५०० अश्वशक्तीला जुंपायचं, असं खूळ निघालंय. लोक कुजबुजतात, "मोठा टर्बो बसवलाय हो!" सगळी बदनामी टर्बोची, आणि खरा गुन्हेगार इंजिनाच्या कुशीला साळसूदपणे तेल पीत बसलेला. डिझेल पंप!

डिझेल इंजिनात हवेला सहसा कोणी अडवत नाही. ताकद ठरते ती आत डिझेल किती गेलं त्यावर. टर्बोने हवी तेवढी हवा कोंबावी, पंपाने हात आखडता घेतला की सगळं मुसळ केरात. म्हणून या मंडळींचा डोळा पंपावर.

आणि इथून पुढे जे घडतं ते ऐकून कानांवर हात ठेवाल. टर्बोवाल्या ६०६च्या मूळ पंपाचा कारभार कॉम्प्युटरकडे असतो. त्या सुशिक्षित कारभाऱ्याला सरळ घराबाहेर काढतात! सारं जग जुनं टाकून नवं आणतं. हे लोक आधीच्या पिढीतल्या ओएम ६०३चा बॉशचा यांत्रिक पंप भंगारातून हुडकून काढतात आणि वजनं-स्प्रिंगांच्या गव्हर्नरवाल्या त्या म्हाताऱ्याच्या हाती घराच्या किल्ल्या देतात. त्याला तर बंद व्हायलासुद्धा वीज लागत नाही, व्हॅक्यूम पुरतो.

पण म्हातारा मुळात काटकसरी. त्याचे एलिमेंट, म्हणजे डिझेल ढकलणाऱ्या प्लंजर-बॅरलच्या जोड्या, जेमतेम ५.५-६ मिलिमीटरचे. ते काढून ७.५चे घालतात, फारच निर्ढावलेले असतील तर ८चे. "दीड मिलिमीटरने काय होतंय," असं म्हणून फसू नका. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. सहाचे साडेसात केले की तेवढ्याच ठोक्यात ५६ टक्के जादा डिझेल जातं. इतका मोठा डल्ला आणि बाहेरून पंप दिसतो तस्सा!

एक गोष्ट मात्र या लोकांच्या बाजूने बोलायला हवी. गाडी एकीची, इंजिन दुसरीचं, पंप तिसरीचा, असा सगळा सावळागोंधळ करणारे हे लोक प्लंजर आणि बॅरलची जोडी मात्र कधी मोडत नाहीत. ती दोघं एकमेकांत घासून बसवलेली असतात, मधली फट मायक्रॉनांत मोजायची. एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये गेला की एक तर अडकतो, नाहीतर दाब गळतो. वर सहाही एलिमेंट टेस्ट बेंचवर लावून सारखंच डिझेल देतायत ना, हे तपासायचं. एकाला झुकतं माप मिळालं की त्याच सिलिंडरचा पिस्टन वितळायचा.

धुराचं मात्र मी ऐकून घेणार नाही. टर्बोवाल्या पंपावर एक डबी असते. हवेचा दाब चढला की मगच ती जादा डिझेलला परवानगी देते. काही शहाणे तीच निकामी करतात, आणि मग टर्बो जागा व्हायच्या आधीच डिझेल ओतलं जातं. त्या काळ्या ढगाला ते ताकद म्हणतात. ताकद कसली, अर्धवट जळलेलं डिझेल ते!

अमेरिकेतही काही सोवळं नाही. तिथल्या फोक्सवॅगन टीडीआयच्या एका पिढीत ऑटोमॅटिक गाडीला ११ मिलिमीटरचा पंप मिळायचा, हाताने गिअर टाकणाऱ्याला १०चा. ऑटोमॅटिकला जन्मभर नावं ठेवणारे आता पंपासाठी भंगारात तिच्याच पाठी.

आपणही फार नाकं मुरडू नयेत म्हणा. "पंप जरा वाढवून द्या," असं मेकॅनिकच्या कानात सांगणारे ट्रकवाले आपल्याकडे काय कमी होते? पंपांशी आपला घरोबाही जुना. पंप बनवणारी मायको कंपनी २००८मध्ये बॉश लिमिटेड झाली, पण नाशिकच्या मायको सर्कलने नाव सोडलेलं नाही.

आणि मर्सिडीजनेच तरी कुठे वळण लावलं होतं? १९७६मध्ये कंपनीने आपल्या ८० अश्वशक्तीच्या पाच सिलिंडरी डिझेल इंजिनाला टर्बो लावला, १९० अश्वशक्ती काढली आणि इटलीत नार्दोच्या ट्रॅकवर सी-१११ गाडी पळवून १६ जागतिक विक्रम केले. आईबापच असे, मग पोरांना काय बोलायचं!

आता आतली गोष्ट. या ६०६चे ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना आत ऊब देणारे प्लग, हेडमध्ये असे गंजून बसतात की काढताना मोडतात. आतला तुकडा ड्रिलने निघाला तर ठीक, नाहीतर अख्खं हेड उतरवा. तेवढे दिवस ५०० अश्वशक्तीवाले साहेब बसने जातात म्हणे.