ऑपेरा हाऊस, पुढे चला!

उद्घाटन आधी आणि बांधकाम मागाहून, ही मुंबईची रीत नेमक्या कुठल्या पक्षाने पाडली यावर उगाच भांडणं होतात. या बाबतीत आजचे सगळे पुढारी निर्दोष आहेत. १९११ साली दिल्ली दरबाराला निघालेले पंचम जॉर्ज मुंबईत उतरले, तेव्हा त्यांच्या हस्ते गिरगावच्या रॉयल ऑपेरा हाऊसचं उद्घाटन उरकून घेण्यात आलं. इमारत पुरी व्हायची होती. फीत मात्र वेळेवर कापली गेली.

ही वास्तू उभारणारे दोघे. एक कलकत्त्याचे नाट्यव्यावसायिक मॉरिस बँडमन, दुसरे कोळशाचे दलाल जहांगीर फ्रामजी कराका. पुढे त्याच परिसरात हिऱ्यांचा बाजार भरला. म्हणजे कोळसा असो की हिरा, कार्बनशी इमान राखलं गेलं. कलेशी राखलं असतं तर हे सदर लिहायची वेळ आली नसती.

थाट मात्र बघण्यासारखा. घुमटाचे आठ भाग, त्यांवर कवी-नाटककारांची चित्रं, दर्शनी दालनात ससून घराण्याने दिलेली झुंबरं, बाजूला श्रीमंतांसाठी बॉक्स. बॉक्सची खुबी अशी, की तिथून रंगमंचापेक्षा बसणारा माणूस जास्त दिसावा.

ऑपेरा? तो जेमतेम. काही वर्षांतच पडद्यावर सिनेमा हलू लागला. बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ इथे गाऊन गेले. गिरगावकरांच्या दृष्टीने ऑपेरा म्हणजे हाच, आणि तो युरोपातल्यापेक्षा लांब चाले. पृथ्वीराज कपूर यांच्या नाटक मंडळीचे प्रयोगही इथे झाले. प्रयोग संपला की हा धिप्पाड नट दाराशी झोळी पसरून उभा राही आणि गरजूंसाठी पैसे गोळा करी. प्रेक्षकाने नटाकडे न बघता बाहेर सटकायची कला बहुधा तिथेच विकसित झाली असावी.

१९५२ साली गोंडलच्या महाराजांनी वास्तू विकत घेतली. मग घरोघरी व्हिडिओ आला, पाठोपाठ केबल आली, आणि १९९३ साली दारं बंद झाली.

खरी गंमत यानंतरची. नाट्यगृह बंद, पण नावाची चलती कायम. टॅक्सीवाल्याला सांगायचं, 'ऑपेरा हाऊस'. दुकानाच्या पाटीवर पत्ता, ऑपेरा हाऊस. हिऱ्याची पुडी कुठे उघडली? ऑपेरा हाऊसला. तेवीस वर्षं अख्खं शहर नाट्यगृहाचं नाव फुकट वापरत होतं आणि आत छत गळत होतं. नावावर दिवसाला पैसा आकारला असता, तर नुसत्या टॅक्सीभाड्यातून घुमट सोन्याने मढला असता. पण मुंबईकराचं वारशावरचं प्रेम नेहमी तिकीट खिडकीच्या अलीकडे थांबतं.

शेवटी २०१६ साली, आभा नारायण लांबा यांनी केलेल्या जीर्णोद्धारानंतर दारं उघडली. पुढल्या वर्षी युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. 'आमचं ऑपेरा हाऊस' म्हणत शहराची छाती फुगली. नाटक काय लागलंय, हे विचारायचं तेवढं राहून गेलं.

गिरगावातल्याच मॅजेस्टिक सिनेमाला असा पुनर्जन्म लाभला नाही. १९३१ साली 'आलम आरा' हा देशातला पहिला बोलपट तिथे झळकला. आता त्या जागी मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे. बोलणं तिथे आजही चालतं, फक्त भाव कमी करण्याबद्दल.