काहीही टाका, चालते!

सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यातल्या केनवडसारख्या गावात डाळमिल टाकायची, तर डागी दाणे फुंकून उडवणाऱ्या सॉर्टेक्सला दाबाची हवा लागते. नवा स्क्रू कॉम्प्रेसर परवडत नाही, म्हणून जुना येतो. भावाची घासाघीस चार दिवस, तेलाचा निर्णय चार मिनिटांत. विकणारा छातीठोक सांगतो, "काहीही टाका, चालते!" मग ट्रॅक्टरचं उरलेलं इंजिन ऑइल कामी येतं.

बिचारं तेल! स्क्रूच्या जोडीला वंगण तेच, फटी बुजवणारं तेच, दाबलेल्या हवेची उष्णता वाहून नेणारंही तेच. इंजिन ऑइलमधले डिटर्जंट मात्र हवेतलं पाणी धरून ठेवतात. तेल दुधाळ होतं, फेसाळतं, सेपरेटर तुंबतो.

बहुतेक यंत्रांना आयएसओ व्हीजी ४६ जाडीचं कॉम्प्रेसर ऑइल लागतं. पण आधीचं खनिज होतं की पॉलिग्लायकॉल, हे विचारतो कोण? ही दोन एकत्र आली, की आत चिकट गाळाचं लोणचं मुरतं.

घेणाऱ्यानं नेमप्लेटचा फोटो काढावा, आधीच्या मालकाला तेलाचं नाव विचारावं. नाहीच कळलं, तर दाब सोडून, यंत्र कोमट असतानाच जुनं तेल पूर्ण काढावं. फिल्टर-सेपरेटर बदलावेत आणि मगच नवं भरावं.