रॅपची पैसेवारी

महसूल खात्यात चौतीस वर्षे काढून अव्वल कारकून या पदावरून सेवानिवृत्त झालेल्या मनुष्याकडे उर्वरित आयुष्यात कोणी निवाडा मागावयास येईल, अशी अपेक्षा त्याने ठेवू नये. घरात त्याचे मत विचारले जाते ते आंब्यांची पेटी घ्यावी की सुटे डझन घ्यावेत एवढ्यापुरते, आणि तेही पेटी घरात येऊन पडल्यावर. म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अकरावीत शिकणारी माझी नात वही-पेन घेऊन आरामखुर्चीपाशी आली आणि "आजोबा, तुम्ही जन्मभर याद्याच केल्यात ना? मग आम्हांला एक करून द्या, आमच्यात भांडण लागलंय," असे म्हणाली, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढले हे कबूल केले पाहिजे. विषय काय आहे हे न विचारताच मी होकार दिला. कागद स्वीकारताना विषय वाचण्याची आमच्या कचेरीत प्रथा नव्हती.

विषय असा निघाला की, दक्षिण कोरियात मुलींचे जे गायनवृंद आहेत, त्यांतील बहुतेक वृंदांत इतर मुली गात असताना मध्येच एक मुलगी पुढे होऊन तालावर भराभर बोलू लागते. तिला रॅपर म्हणतात. आणि या समस्त रॅपरांमध्ये पहिली कोण, दुसरी कोण आणि तळाला कोण, याचा अखेरचा निर्णय मी करावयाचा. चार मैत्रिणींनी निर्णय मान्य करण्याचे आगाऊ कबूल केले होते. त्यांच्या कबुलायतीचा पुढे काय उपयोग झाला ते यथावकाश येईलच.

प्रथम मी हुद्दे तपासले. या वृंदांत हुद्द्यांची वाटणी आमच्या आस्थापना शाखेलाही लाजवील इतकी बारकाईने केलेली असते: एक मुख्य गायिका, एक मुख्य नर्तिका, एक केवळ दिसण्यासाठी, सर्वांत धाकटी म्हणून एक 'मकने', आणि रॅपरांत पुन्हा मेन रॅपर, लीड रॅपर व सब रॅपर असे तीन दर्जे. यांपैकी 'लीड' हिचा अर्थ मी साहजिकच पुढारी असा घेतला आणि तिला वर बसविले. तेव्हा नातीने कपाळावर हात मारला. लीड ही मेनच्या खाली असते. मला वाईट वाटण्याचे कारण नव्हते. ज्याने 'अव्वल' हे विशेषण धारण करून सारा जन्म नायब तहसीलदाराच्या हाताखाली काढला, त्याला हे शब्द काय करतात याची कल्पना असावयास हवी होती.

त्यानंतर मी सेवाज्येष्ठता यादी केली, कारण ती करावयास अक्कल लागत नाही. २००७ सालच्या वंडर गर्ल्समधील घोगऱ्या आवाजाची युबिन सर्वांत वर, २००९ च्या टूएनईवनमधील सीएल व एफएक्समधील अँबर तिच्याखाली, २०१४ च्या मामामूमधील मूनब्योल, २०१५ च्या ट्वाइसमधील दाह्यॉन आणि चेयॉन्ग, २०१६ च्या ब्लॅकपिंकमधील जेनी आणि लिसा, २०१८ च्या जी-आयडलमधील सोयॉन, आणि अगदी अलीकडच्या बेबीमॉन्स्टरमधील आसा. यादी निर्दोष होती. नातीने ती पाहिली आणि "आजोबा, ही यादी नाही, हे हजेरीपत्रक आहे," असा शेरा मारून परत केली. कोरियात मूल जन्मताच एक वर्षाचे मानण्याची रीत सरकारी कामकाजातून २०२३ साली कायद्याने रद्द झाली, हे समजल्यावर मीही ज्येष्ठतेचा नाद सोडला. देशातील यच्चयावत माणसांची वये एकदम दुरुस्त होतात तेथे काय काय अर्ज आले असतील, या विचारानेच मला घाम फुटला.

राहिला एकच मार्ग, आणि तो माझ्या पूर्ण परिचयाचा होता. खरीप उभा राहिला की गावोगाव पिकाची पैसेवारी काढतात. पूर्वी रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा तिला आणेवारी म्हणत, आणि म्हातारी माणसे अजून तसेच म्हणतात. आधी शिवारावरून नजर फिरवून नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. मधल्या काळात निवडक शेतांत दोरी लावून ठरावीक लांबीरुंदीचा तुकडा आखावयाचा, तेवढेच पीक कापावयाचे, मळून वजन करावयाचे, आणि त्यावरून गावाचा हिशेब बसवावयाचा. पन्नास पैशांच्या वर आली तर पीक बरे. खाली गेली तर टंचाई. ज्वारी, बाजरी आणि भात यांना जो न्याय लागू पडतो तो रॅपला का लागू पडू नये, याचे कारण मला तरी सापडले नाही.

नजरअंदाजासाठी आम्ही दूरदर्शनसंचासमोर बसलो. गाणे सुरू होते. मुली हसतात, वळतात, केस उडवतात. मग एकाएकी मागची वाद्ये आटोपती घेतली जातात, नुसता ढोलासारखा एक घनगंभीर ठोका उरतो, आणि एक मुलगी हनुवटी किंचित वर करून कॅमेऱ्याकडे अशा नजरेने पाहते की, आपल्याकडे दोन वर्षांचा शेतसारा थकला आहे की काय अशी शंका पाहणाऱ्यास यावी. सौभाग्यवती त्या वेळी मेथी निवडत होत्या, त्यांनी मान वर करून "ही कोणावर एवढी चिडलीय?" असे विचारले. ती जेनी होती, आणि ती कोणावरही चिडलेली नव्हती.

पीककापणीला खरी सुरुवात झाली ती दुसऱ्या दिवशी. हातात घड्याळ धरून मी मोजू लागलो तेव्हा ध्यानात आले की, तीन-साडेतीन मिनिटांच्या गाण्यात रॅपच्या वाट्याला पंधरा-वीस सेकंदांचा वाफा येतो, क्वचित त्याहूनही अरुंद. या वीस सेकंदांत काय पिकते हे पाहावयाचे तर भाषा थोडीफार कळणे भाग होते, म्हणून मी कोरियन लिपी शिकावयास बसलो. पंधराव्या शतकात सेजोंग नावाच्या राजाने ती करवून १४४६ साली प्रजेला दिली, आणि ती इतकी शहाणी लिपी आहे की आठवडाभरात मी पाट्या वाचू लागलो. अर्थ कळत नसे एवढेच. तिचे प्रत्येक अक्षर एका चौकोनी ठोकळ्यात बसविलेले असते, त्यामुळे ठोकळे मोजले की उच्चार मोजले. आर्येच्या मात्रा बोटांवर मोजत वाढलेल्या माणसाला याहून सुख ते कोणते? मात्र परकी जोडाक्षरे त्या भाषेला पेलत नाहीत. इंग्रजीत एका दमात संपणाऱ्या 'स्ट्राइक' या शब्दाचे कोरियनमध्ये पाच ठोकळे होतात. सीएलचे बालपण जपानात आणि फ्रान्सात गेले, जेनी न्यूझीलंडात शिकली, अँबर तर अमेरिकेतलीच. अशा मुलींना एकच शब्द एका ठोक्यात फेकावा की पाच ठोक्यांत पसरावा याची मुखत्यारी मिळते, आणि जिला ती बरोबर वापरता येते तिचे वजन काट्यावर लगेच दिसते.

दुसरी अडचण मला अगदी घरची वाटली. कोरियन वाक्यातही आपल्यासारखे क्रियापद शेवटी येते, आणि त्याची शेपटी ठरलेली असते. त्यामुळे प्रत्येक ओळीचे यमक आपोआप जुळते, आणि आपोआप जुळलेल्या यमकाला कोण किंमत देणार? 'आहे'ला 'पाहे' जोडून कवी होऊ पाहणारे आमच्या कचेरीत तिघे होते. चांगला रॅपर म्हणूनच शेपटीवर विसंबत नाही. तो वाक्याच्या पोटात, नामांत, अर्धवट तोडलेल्या शब्दांत आवाज जुळवीत जातो. हे नातीला समजावताना मी वामनपंडिताला 'यमक्या वामन' का म्हणत आणि मोरोपंतांनी यमकासाठी काय काय केले हे सांगावयास घेतले, तेव्हा तिने माझ्याकडे प्रथमच कुतूहलाने पाहिले आणि विचारले, "ते कोणत्या ग्रुपमध्ये होते?"

तिची थट्टा करण्याचा मला अधिकार नाही, कारण कोरियन रॅपचा आरंभ कोठे धरावा हे मलाही धड ठरविता येत नाही. तेथे पानसोरी नावाचा एक जुना प्रकार आहे: एक गवई, एक ढोलकरी, आणि तासन्‌तास चालणारी कथा, मध्ये गाणे, मध्ये नुसते बोलणे, प्रसंग रंगला की द्रुत लयीत शब्दांची सरबत्ती, आणि ढोलकऱ्याने व श्रोत्यांनी मध्येच दिलेली दाद. आपल्याकडील कीर्तनात मुरलेल्या कानाला हे परके वाटत नाही. पण कागदोपत्री नोंद पाहिली तर १९९२ साल निघते. त्या वर्षी सो ताइजी आणि त्याचे दोन सोबती दूरदर्शनच्या एका स्पर्धेत रॅप घेऊन उभे राहिले, आणि परीक्षकांनी विचारपूर्वक त्यांना त्या दिवशीचे सर्वांत कमी गुण दिले. पुढे थोड्याच दिवसांत साऱ्या देशातील पोरे तेच गाणे म्हणत होती. त्या दोन सोबत्यांपैकी यांग ह्यॉन-सक याने १९९६ मध्ये स्वतःची कंपनी काढली, आणि माझ्या यादीतील सीएल, जेनी, लिसा व आसा या चौघी त्याच एका वाड्यातून बाहेर पडल्या. तळाचे गुण मिळालेल्या माणसाचा वंश असा विस्तारतो. त्या परीक्षकांची मला फार दया येते. पैसेवारी चुकली म्हणून मोर्चा अंगावर घेतलेला मनुष्यच हे दुःख जाणील.

या टप्प्यावर मला सातबारा आठवला. पीक कितीही जोमदार दिसले तरी जमीन कोणाच्या नावावर आहे आणि कसतो कोण, हे पाहिल्यावाचून महसुली माणसाचे समाधान होत नाही. गाणे कोणी रचले, शब्द कोणी लिहिले, याची नोंद कोरियात स्वामित्वहक्क सांभाळणारी संस्था ठेवते, तोच तिथला सातबारा. तो उघडला की पुष्कळ नावाजलेल्या रॅपर कूळ निघतात: शब्द कंपनीतील रचनाकाराचे, पाणी कालव्याचे, घाम तेवढा तिचा. टूएनईवन आणि ब्लॅकपिंक यांच्या कितीतरी गाण्यांमागे टेडी या एकाच माणसाची विहीर आहे. कुळाचे पीक कमी प्रतीचे असते असे मी म्हणत नाही; कूळकायदा राबविलेल्या माणसाने तसे म्हणू नये. पण सोयॉनचा उतारा पाहिला आणि मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मालक तीच, कसणारी तीच. वृंदाच्या 'लाताता' या पहिल्याच गाण्यापासून शब्दांत आणि चालीत तिचा हात, पुढे 'टॉमबॉय'मध्ये तिचा हात, आणि 'न्यूड' या गाण्यात तर तिने बिझे याच्या 'कारमेन' या ऑपेरातील चाल उचलून आपल्या शिवारात बेमालूम पेरली. हीच मुलगी २०१६ साली एकशे एक मुलींच्या स्पर्धेत उतरली होती, तेव्हा निवडलेल्या अकरांत तिला जागा मिळाली नव्हती. तिचा आवाज किंचित नाकातून येतो, टोकदार येतो, आणि ओळीच्या शेवटी ती शब्द असा मुरगळते की जणू चिमट्यात धरून बाजूला ठेवला. स्वतःच्या विहिरीवर बागायत केलेली खातेदार म्हणून मी ब्याण्णव पैसे लिहिले आणि खाली सही केली.

सीएलला मी यादीतून वगळले. "का?" म्हणून चौघी एकदम ओरडल्या. तिला नापास केले नव्हते. तिची जमीन इनाम आहे. आपणच सर्वांत वाईट बाई, असे ठणकावणारे गाणे २०१३ मध्ये काढून जी निर्धास्त राहिली, २०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकच्या समारोपात जिने सबंध देशाच्या वतीने मंच गाजविला, आणि जिच्यानंतर आलेली प्रत्येक मुलगी हनुवटी वर करताना नकळत तिचीच हनुवटी वर करते, तिच्यावर आकारणी बसविण्याचा अधिकार तालुका पातळीवर नाही. मूनब्योलला सत्याऐंशी दिले. बाकीच्या तिघी गळ्याने आभाळ फाडीत असताना ही खालच्या पट्टीत, सावकाश, ओसरीवर बसून बोलावे तशी बोलते. सौभाग्यवतींनाही यादीतील एवढीच एक मुलगी पसंत पडली. आसाला ऐंशी, आणि पुढील हंगामात फेरतपासणी. हिची मातृभाषा जपानी, वय लहान, वेग इतका की माझे घड्याळ मागे पडते.

लिसा आणि जेनी यांचे प्रकरण मात्र बांधावरचे निघाले. थायलंडातील चाचणीतून एकटी निवडली जाऊन परक्या मुलखात परकी भाषा शिकलेली लिसा शब्द नाण्यांसारखे खणखण मोजून टाकते. जेनी ठोक्याच्या केसभर मागे रेंगाळते, आणि त्या रेंगाळण्यातच सारा तोरा असतो. एकीला वर धरावे तर दुसरीकडील दोन मैत्रिणी उठून जात. अखेरीस "एकच सर्व्हे नंबर, पोटहिस्सा कायम नाही, मोजणी प्रलंबित" असा शेरा लिहून दोघींना मिळून चौऱ्याऐंशी दिले. हा शेरा लिहून मी नोकरीत पुष्कळ रक्तपात टाळला आहे.

मग पाळी आली ट्वाइसची, आणि मला ठाऊक नसलेली एक गोष्ट अशी होती की, नातीच्या खोलीतील भिंतीवर जे चित्र आहे ते चेयॉन्गचे. पिकात दोष नव्हता. चेयॉन्ग स्वतः लिहिते, दाह्यॉनचे उच्चार स्वच्छ. पण नऊ मुलींच्या शिवारात रॅपखाली पेराच किती? मी तीन गाणी कापली, तीनदा तोलली, आणि प्रामाणिकपणे अठ्ठेचाळीस पैसे लिहिले.

हरकतींसाठी पंधरा दिवसांची मुदत ठेवली होती. ठरल्याप्रमाणे निर्णय मान्य करणाऱ्या चौघींकडून पहिल्या संध्याकाळीच सात हरकती दाखल झाल्या. नातीची मात्र एकही नव्हती. दोन दिवस ती अबोल होती. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाखाली एक अर्ज ठेवलेला सापडला. अक्षर सुवाच्य, समास सोडलेला, विषय ठळक. पैसेवारी पन्नासच्या आत आल्याने टंचाई आपोआप जाहीर झाली असल्याचे इंटरनेटवरून समजले असून, सबब अर्जदारास नियमानुसार देय सवलती तात्काळ मिळाव्यात: परीक्षा शुल्काची माफी, आणि दसऱ्याला आजोबांकडून घेतलेल्या पाचशे रुपयांच्या वसुलीस स्थगिती.

मी तो दोनदा वाचला. कोठेही बोट ठेवण्यास जागा नव्हती. सौभाग्यवतींनी विचारले, "काय लिहिलंय?" मी म्हटले, "मंजूर," आणि पेन शोधू लागलो.