भाऊ लाइव्ह आलेत

मतदानाच्या तोंडावर मराठी वर्तमानपत्रांत एक मथळा हमखास येतो: 'प्रचाराच्या तोफा थंडावल्या'. आचार्य अत्र्यांच्या काळात कुणीतरी हे खिळे जुळवून ठेवले असावेत आणि तेव्हापासून ते मोडायचं धाडस कुणाला झालेलं नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १२६वं कलम सांगतं, की मतदान संपण्याआधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद. मतदाराला जरा विचार करू द्या. कायदा १९५१चा. तेव्हाची तोफ म्हणजे भोंगा, आणि भोंगा उतरवला की गावात खरंच शांतता होत असे. आता भोंगा उतरतो, कार्यकर्ते उपरण्याची घडी घालतात आणि त्याच मिनिटाला मतदाराचा फोन तापायला लागतो.

आमच्या सोसायटीचा एक 'गणेशोत्सव' ग्रुप आहे. बाप्पा कधीच गावाला गेले, ग्रुप राहिला. मतदानाच्या आदल्या रात्री त्यावर एका उमेदवाराने माघार घेतली, दुसऱ्याला अटक झाली आणि तिसऱ्याने त्या दोघांनाही पाठिंबा दिला. सकाळी तिघेही कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून मतदान केंद्रावर हजर होते आणि शाई लागलेलं बोट कॅमेऱ्याला दाखवत होते.

निवडणूक आयोगाला हे कळत नाही, असं कुणी समजू नये. ऑक्टोबर २०१३मध्येच आयोगाने फर्मान काढलं: उमेदवाराने समाजमाध्यमांवरची आपली खाती प्रतिज्ञापत्रात लिहायची, इंटरनेटवरच्या जाहिराती आधी प्रमाणित करून घ्यायच्या आणि मजकूर तयार करणाऱ्या पोरांचे पगारसुद्धा खर्चात धरायचे. आपल्या राज्यात विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख. त्यासाठी जिल्हा प्रशासन वडापाव, चहा, खुर्ची, हार असं सगळ्याचं दरपत्रक काढतं. त्यामुळे कार्यकर्त्याने जास्तीचा वडापाव खाल्ला तर त्याची नोंद सरकारदरबारी राहते. आमच्या वॉर्डातल्या भाऊंच्या रीलची राहत नाही, कारण ती भाऊंनी केलेलीच नसते. ती चाहत्यांनी केलेली असते.

हे चाहते कोण, याचा मी थोडा शोध घेतला. 'भाऊप्रेमी', 'भाऊ समर्थक', 'फक्त भाऊ' आणि 'भाऊ म्हणजे भाऊ' ही चारही पेजं मोबाइल दुरुस्तीच्या एका दुकानाच्या पोटमाळ्यावरून एकच मुलगा चालवतो. गेल्या निवडणुकीत तो 'ताईप्रेमी' होता. पैसे कोण देतं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "काका, मी भाऊंचा माणूस नाही. मी भाऊंच्या चाहत्यांचा माणूस." हिशेब तपासनिसाने या वाक्याला कुठे हात घालावा, ते मला अजून समजलेलं नाही.

रीलचं व्याकरण मात्र त्याने मला नीट समजावून दिलं. काळी गाडी येते. दार उघडतं. आधी बूट दिसतो, मग भाऊ. चाल संथ, इतकी संथ की एवढ्या वेळात एखादा खड्डा बुजवून झाला असता. मागे ढोल, वर ड्रोन. भाऊ रिकाम्या मैदानाकडे बघून हात जोडतात. गर्दी नंतर जोडली जाते. मग एक आजी लागतेच. आजीने डोक्यावरून हात फिरवायचा आणि भाऊंनी डोळ्यांत पाणी आणायचं. परवा आमच्या चौकात एका आजींना चार वेळा आशीर्वाद द्यावा लागला, कारण कधी ऊन तिरकं पडत होतं, तर कधी मध्येच टेम्पो येत होता. शेवटी आजी वैतागून म्हणाल्या, "आरं, आता किती डाव मोठा हो म्हणू तुला?" हे वाक्य रीलमधून गाळलं. सबंध चित्रीकरणात तेवढंच ऐकण्यासारखं होतं.

आता प्रश्न असा, की हे सगळं कुणासाठी? मतदारासाठी, असं आपण भाबडेपणाने समजतो. मतदार ते बघतच नाही, तो स्वयंपाकाच्या आणि नाचाच्या रील बघतो. भाऊंच्या रीलचा खरा प्रेक्षक एकच असतो आणि तो 'वर' बसलेला असतो. पूर्वी उमेदवारी हवी असेल तर मुंबईला बंगल्यावर जाऊन व्हरांड्यात बसावं लागे. आता व्हरांडा फोनात आलाय. ही माझी कुजकट कल्पना नाही. २०१८मध्ये मध्य प्रदेश काँग्रेसने उमेदवारी मागणाऱ्यांना चक्क लेखी कळवलं होतं, की फेसबुक पेजला १५ हजार लाइक आणि ट्विटरवर ५ हजार अनुयायी असले पाहिजेत. पुढे ते पत्र मागे घेतलं. पत्र मागे घेता येतं. ते वाचून पोटमाळ्यावर बसलेली पोरं कोण मागे घेणार?

बरं, या सगळ्याने मतं तरी मिळतात का? नोव्हेंबर २०२४ची विधानसभा आठवा. मुंबईत वर्सोव्याला अभिनेते एजाज खान उभे होते. इन्स्टाग्रामवर त्यांचे अनुयायी पन्नास लाखांवर. मतं पडली १५५. 'नोटा'ला त्याच्या कितीतरी पट अधिक पडली आणि नोटाचं तर इन्स्टाग्रामवर खातंही नव्हतं.

ते सिनेमावाले म्हणून सोडून द्या. सांगोल्याचे शहाजीबापू पाटील तर मातीतले. जून २०२२मध्ये महाराष्ट्राचं सरकार गुवाहाटीच्या हॉटेलात कोसळत असताना बापूंनी फोनवर कार्यकर्त्याला तिथली झाडी, डोंगार आणि हाटील यांचं जे वर्णन ऐकवलं, ते लहान पोरांनाही पाठ झालं. त्याची गाणी निघाली, टीशर्ट निघाले. पुढची अडीच वर्षं कुणीही सहलीचा फोटो टाकला की खाली बापूंचं वाक्य ठरलेलं. एका फोनकॉलवर एवढी प्रसिद्धी मराठी भाषेत दुसऱ्या आमदाराला मिळालेली नाही. २०२४ला सांगोल्याने शेकापचे बाबासाहेब देशमुख निवडून दिले. झाडी पाठ होती, बटण वेगळं दाबलं.

आणि राज ठाकरे? २०१९च्या लोकसभेत पक्षाचा एकही उमेदवार नसताना त्यांनी राज्यभर सभा घेतल्या आणि 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत सत्ताधाऱ्यांच्या जुन्या क्लिपा पडद्यावर लावल्या. मेळघाटातलं हरिसाल हे 'डिजिटल गाव' त्यांनी असं काही सोललं, की ज्या तरुणाचा फोटो सरकारी जाहिरातीत झळकला होता, तोच मंचावर येऊन उभा राहिला. पुराव्यासकट, मोठ्या पडद्यावर, भरगच्च मैदानांत प्रचार करण्याची अशी कला महाराष्ट्राने आधी पाहिली नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, क्लिपा एकमेकांना धाडल्या आणि ४८पैकी ४१ जागा युतीच्या पदरात टाकल्या. पाच वर्षांनी, २०२४च्या गुढीपाडव्याला शिवाजी पार्कवर त्यांनी मोदींना बिनशर्त पाठिंबा जाहीर केला आणि विरोधकांनी लगेच त्यांच्याच २०१९च्या क्लिपा लावल्या. पडदा तोच, व्हिडिओ तेच, फक्त रिमोट दुसऱ्याच्या हातात गेला.

याला उत्तर म्हणून लोक साताऱ्याचा पाऊस काढतात. ठीक आहे. १८ ऑक्टोबर २०१९च्या रात्री शरद पवार भर पावसात बोलत राहिले, तो फोटो रात्रीतून घरोघर पोचला आणि पोटनिवडणुकीत उदयनराजे पडले. पण तिथे ड्रोन नव्हता, ढोल नव्हता आणि पाऊस प्रमाणित करून घेतलेला नव्हता. त्यानंतर आभाळ भरून आलं की छत्री धरणाऱ्याला हाताने दूर सारणारे पुढारी मी बरेच पाहिले. बहुतेकांना सर्दी झाली.

म्हणजे इंटरनेटमुळे माणसं हलतच नाहीत का? हलतात. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात हलली. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असा मेसेज फोनाफोनांतून फिरत होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी पाच माणसं त्या दिवशी तिथल्या बाजारात आली होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. त्या मेसेजला ना जाहिरात एजन्सी होती, ना पोटमाळा. तो ओळखीच्या माणसाकडून आला होता, एवढंच त्याचं भांडवल. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने जाहीर केलं, की भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल. या परिच्छेदात विनोद शोधू नका.

आणि माणसं २०२४मध्येही हलली, ती मात्र निराळ्याच मेसेजने. त्याला ना चित्र होतं, ना संगीत. तो बँकेकडून आला होता: आपल्या खात्यात १५०० रुपये जमा. राज्यातल्या दोन कोटींहून अधिक बायकांच्या फोनवर. 'लाडकी बहीण' योजनेचे अर्ज 'नारीशक्ती दूत' नावाच्या अ‍ॅपवर भरले गेले आणि आचारसंहिता लागण्याआधी पाच हप्ते, म्हणजे साडेसात हजार रुपये, खात्यांत पोचले. लोकसभेला मार खाल्लेली महायुती सहा महिन्यांत २३०च्या पुढे गेली. दुसरी कारणं नव्हती असं नाही. जातीची गणितं होती, घोषणा होत्या, विरोधकांची आपापसातली मारामारी होती. पण प्रचारतज्ज्ञांनी रात्र रात्र जागून केलेल्या सगळ्या चित्रफिती एका पारड्यात आणि बँकेचा तो रूक्ष मेसेज दुसऱ्यात टाका, कुठलं पारडं खाली जाईल ते माझी कामवालीही सांगेल. खरं तर तिनेच मला सांगितलं.

तंत्रज्ञान इतकं अचूक, की पुढच्या वर्षी छाननी झाली तेव्हा लाडक्या बहिणींत १४ हजारांहून अधिक पुरुष निघाले. सव्वीस लाखांवर लाभार्थ्यांचे पैसे थांबले. मग ई-केवायसी आलं आणि सर्व्हर बसला. ओटीपी मध्यरात्री येतो असं कुणीतरी सांगितलं म्हणून बायका रात्री गजर लावून उठू लागल्या. एवढ्या एकाग्रतेने सरकारच्या उत्तराची वाट यापूर्वी कुठल्या मतदाराने पाहिली असेल, असं वाटत नाही. भाऊंनी त्यावर रील केली नाही. ओटीपीला ड्रोनमधून बघता येत नाही.

विधिमंडळाचं काय विचारता! जुलै २०२५मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ रोहित पवारांनी टाकला. आपण खेळत नव्हतो, असा खुलासा मंत्र्यांनी केला. पण व्हिडिओ खुलाशाच्या आधी राज्यभर फिरून आला होता. महिनाअखेर त्यांचं कृषी खातं गेलं आणि त्यांना क्रीडा खातं मिळालं. सरकारला विनोदबुद्धी नाही, असं म्हणणाऱ्यांनी हा निर्णय चौकटीत लावून ठेवावा.

तर अशा वातावरणात आमच्या वॉर्डाचे भाऊ गेल्या आठवड्यात मला भेटायला आले. सोबत पोटमाळ्यावरचा मुलगा होता आणि त्याच्या हातात, काठीवर बसवलेला फोन. भाऊ अजून कुठल्याच पदावर नाहीत. ते 'भावी' आहेत. महाराष्ट्रात भावी हे स्वतंत्र पद आहे आणि त्याला निवडणूक लागत नाही. भाऊंना माझ्याकडून एक घोषवाक्य हवं होतं, फुकट. मी त्यांना वर्सोवा सांगितलं, सांगोला सांगितलं, बँकेचा मेसेज सांगितला.

"सर, ते सगळे मोठे लोक," भाऊ म्हणाले. "आपलं कनेक्ट ग्राउंडवर आहे."

"कोणत्या ग्राउंडवर?"

"तेच, ज्याच्यावर ड्रोन उडवला."

मग मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, "भाऊ, आमच्या गल्लीत पाणी पहाटे चारला येतं आणि पावणेपाचला जातं. ड्रेनेजचं झाकण मार्चपासून नाही. तुम्ही एकदा तरी महापालिकेत एक अर्ज दिलाय? तुमच्यासारखा नेता या वॉर्डाला मिळाला, हे वॉर्डाचं भाग्य म्हणायचं का?"

भाऊ खूश होऊन उठले आणि चक्क माझ्या पाया पडले. मला काही कळेना. जाताना पोटमाळ्यावरच्या मुलाने अंगठा दाखवला.

संध्याकाळी 'फक्त भाऊ'वर मी होतो. मागे ढोल, खाली ठळक अक्षरं: 'ज्येष्ठ विचारवंतांचा भाऊंना जाहीर आशीर्वाद'. मी हात उंचावून, आवाज चढवून म्हणतोय, "तुमच्यासारखा नेता या वॉर्डाला मिळाला, हे वॉर्डाचं भाग्य म्हणायचं!" 'का' कापला होता. पाया पडण्याचं दृश्य संथ गतीत, दोनदा. मी त्या मुलाला फोन करून ताबडतोब काढायला सांगितलं, तर तो म्हणाला, "काका, ती चाहत्यांनी टाकलीय."

'गणेशोत्सव' ग्रुपवर सेक्रेटरींनी माझं अभिनंदन केलंय आणि ड्रेनेजच्या झाकणाचं काम आता तुम्हीच भाऊंकडून करून घ्या, असा ठराव तिथेच अंगठ्यांनी मंजूर झालाय. भाऊ उद्या झाकणाच्या पाहणीला येणार आहेत. आजींनाही बोलावलंय.