थोरली काढून धाकटी आणताना : झाईमार्गे गाडी पारखण्याची शास्त्रोक्त पद्धत

ज्यांच्या पडवीत हजार-बाराशे सीसीची अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकल कव्हर पांघरून उभी आहे आणि ज्यांचे गुडघे तिच्याविषयी आता स्वतंत्र मत बाळगू लागले आहेत, अशा गृहस्थांसाठी हे मार्गदर्शन आहे. गाडी बदलण्याचं खरं कारण गुडघे असलं, तरी ते चारचौघांत बोलू नये. ‘हल्ली हलक्या गाड्यांचेच दिवस आहेत’ असं म्हणावं. ते अगदीच खोटं नाही. बीएमडब्ल्यूने १९८० साली आर ८० जी/एस बाजारात आणली, १९८१ ची पॅरिस-डाकार शर्यत याच गाडीने मारली आणि या जातीचा वंश सुरू झाला. ही मूळ पुरुषगाडी दोनशे किलोंच्या आतली होती. पुढच्या पिढ्या खात्यापित्या घरच्या निघाल्या. आर १२५० जीएस भरते २४९ किलो. म्हणजे सहारा ओलांडायला जेवढं लोखंड पुरलं, त्याहून पन्नास-साठ किलो जास्त लोखंड आता डहाणूहून बोर्डीला जायला लागतं.

तेव्हा धाकटी गाडी आणायचीच, असं मनाशी ठरलं असेल तर पुढच्या पायऱ्या क्रमाने चढाव्यात.

पायरी पहिली : स्थळं पाहणे

बाजारात स्थळं पुष्कळ आहेत. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० आहे : ४५२ सीसी, १९६ किलो, ४० पीएसची ताकद. पुण्याजवळ चाकणला बनणारी, म्हणून अर्धी आपली म्हणता येईल अशी केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर आहे. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स २४९ सीसी आणि १६७ किलोंची. जानेवारी २०२५ मध्ये आलेली हिरोची एक्सपल्स २१० साधारण १७० किलोंच्या घरात. स्थळांची माहिती वाचताना अश्वशक्तीच्या रकान्यापाशी रेंगाळू नये. तो रकाना तिशीच्या आतल्यांसाठी छापलेला असतो. आपण सरळ ‘सीटची उंची’ या ओळीवर यावं. बहुतेक गाड्यांत तिथे ८२५ ते ८४५ मिलिमीटर लिहिलेलं असतं, म्हणजे पावणेतीन फुटांच्या आसपास. घरच्या जेवणाच्या टेबलाच्या कडेवर एकदा पाय टाकून पाहावा, अंदाज येतो.

याच पायरीवर सरकारचा सल्लाही विचारात घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्यांवर ४० टक्के. म्हणजे ३५० पर्यंत आपण कामाला निघालेले असतो, पुढच्या सीसीपासून चैन करायला. इतकी स्वच्छ रेषा आपल्या कुठल्याही वडीलधाऱ्यांना आखता आलेली नव्हती.

पायरी दुसरी : शोरूम

शोरूमला जाताना लायसन्सची झेरॉक्स न्यावी आणि थोरलीवर बसून जाऊ नये. थोरली दारात दिसली की सेल्समन आपल्याला गिऱ्हाईक समजत नाही, जाणकार समजतो, आणि मग सवलत मिळत नाही, फक्त चहा मिळतो.

शोरूमची टेस्ट राइड हा एक छोटेखानी विधी असतो. गाडीत पेट्रोल बेताचं, म्हणजे काट्यावरचा दिवा पेटलेला. मागे कंपनीचा मुलगा बसलेला. मार्ग ठरलेला : फाटकातून डावीकडे, पुढच्या कटला वळसा, पुन्हा फाटकात. एवढ्या अवधीत दुसरा गिअर पडतो न पडतो, तोच मागून आवाज येतो, “सर, पिकअप बघा!” पिकअप पाहावा तर पुढे रिक्षा. परत आल्यावर “कशी वाटली?” असं विचारतात. “सस्पेन्शन जरा स्टिफ आहे” एवढंच म्हणावं. हे वाक्य कुठल्याही गाडीला, कुठल्याही रस्त्यावर चालतं आणि ऐकणारा गप्प होतो.

या विधीतून गाडीविषयी काहीही कळत नाही. आपण फक्त उमेदवार म्हणून नोंदले जातो. यापुढे रोज फोन येईल. खरी परीक्षा बाहेर आहे. त्यासाठी हीच गाडी असलेला एखादा मित्र गाठावा. टाकी भरून आणि गाडी धुऊन परत देण्याच्या बोलीवर ती एका रविवारपुरती मागून घ्यावी.

पायरी तिसरी : परीक्षेचं केंद्र निवडणे

गाडी पारखायला लडाखला जाण्याची प्रथा आहे. ती मोडीत काढावी. लडाखला आपण आयुष्यात एकदा जाणार. सुकट आणायला झाईला मात्र दर महिन्याला. परीक्षा रोजच्या विषयाची द्यावी.

झाई हे तलासरी तालुक्याचं समुद्राकडचं टोक, महाराष्ट्राचं या किनाऱ्यावरचं शेवटचं गाव. पुढे उंबरगाव, म्हणजे गुजरात. १ मे १९६० पूर्वी उंबरगाव तालुका आपल्याबरोबर तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात होता. राज्यं वेगळी झाली, तालुक्याचा मोठा भाग तिकडे गेला आणि झाई इकडे राहिली. त्यामुळे एकाच फेरीत दोन राज्यांचे खड्डे तपासून होतात आणि तुलनात्मक अभ्यासाची सोय होते.

मार्ग असा : डहाणू, नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी, झाई. मोठ्या हायवेच्या वाटेला जाऊ नये. तिथे ट्रकांच्या रांगेत सगळ्याच गाड्या सारख्या. किनाऱ्याच्या रस्त्यावर मात्र चिकूच्या वाड्यांची सावली आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. रस्त्यावरच्या गतिरोधकांना अजून मिळालेलं नाही, पण त्यांचीही जात एका वाडीपासून दुसऱ्या वाडीपर्यंत बदलते. काही पाठ चोळतात, काही मणका मोजतात. थोरलीवर गतिरोधक नुसता ऐकू येतो. धाकटीवर तो कळला पाहिजे, पण लक्षात राहता कामा नये. हा सस्पेन्शनचा पेपर.

पायरी चौथी : बंदरावरचा पेपर

झाईच्या बंदराकडे सकाळी, होड्या लागायच्या वेळी जावं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात ही परीक्षा घेऊ नये. पावसाचं निसरडं कुठेही मिळतं, मासळीचं निसरडं मिळायला मोसम लागतो. खाली बर्फाचं पाणी, खवले आणि चिखल यांचा एकजीव झालेला असतो. बाजूला बांबूंवर बोंबील वाळत असतात. समोरून डोक्यावर पाटी घेतलेली बाई येते, आणि ती थांबणार नसते. इथे गाडी थांबवून दोन्ही पाय टेकवावेत.

दोन्ही पाय सपाट टेकले तर उत्तम. चवडे टेकले तर ठीक. एकच पाय टेकत असेल आणि दुसरा हवेत पाटीवालीला वाट दाखवत असेल, तर परीक्षा इथेच संपली.

आता डावीकडे पाहावं. एक शंभर सीसीची साधी गाडी येते. मागच्या सीटवर बर्फाची पेटी, जुन्या ट्यूबच्या काळ्या पट्टीने आवळलेली. पेटीवर जाळ्याचा गठ्ठा, पेटीच्या झाकणाखालून पाण्याची धार. चालवणाऱ्याच्या पायात स्लिपर. तो त्याच निसरड्यावरून एका हाताने हँडल धरून, दुसऱ्या हाताने कुणाला तरी हाक मारत निघून जातो. त्याच्या गाडीला ट्रॅक्शन कंट्रोल नाही, तीन रायडिंग मोड नाहीत आणि हँडलला स्क्रीन नाही. त्याच्याकडे फार वेळ पाहू नये. आपल्या मार्गदर्शनाचा पायाच डळमळतो.

पायरी पाचवी : गाडी आडवी करणे

हा पेपर कुणी घेत नाही आणि सगळे त्यातच नापास होतात. बोर्डीच्या बाजूला सुरूच्या झाडांपाशी मऊ रेती पाहून थांबावं. समुद्रावर गाडी घालू नये. ओहोटीला पाणी खूप लांब जातं, वाळू टणक दिसते आणि मोह होतो. पण केंद्राने १९९१ सालीच डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला आहे, आणि खाऱ्या पाण्यापुढे आपली चेनही तितकीच नाजूक आहे.

मित्राची परवानगी असेल तर गाडी हळूच रेतीवर निजवावी. आता उचलावी. पद्धत अशी : इंजिन बंद. गाडी गिअरमध्ये, म्हणजे चाक सरकत नाही. उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधी बाहेर काढून ठेवावा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे निजते. हँडल जमिनीकडच्या बाजूला पूर्ण वळवावं. गाडीकडे पाठ करावी, कंबर सीटला टेकवावी, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागची पकड धरावी आणि पाठ सरळ ठेवून पायांच्या जोराने मागे-मागे चालत यावं. पाठीने उचलू नये. पाठीने उचललेली गाडी उभी राहते आणि माणूस आडवा होतो.

१७० किलो असे उठतात. १९६ किलो कुंथून उठतात. थोरली उठवायला चौघे लागतात. चौघे मदत करतात, पण पाचवा व्हिडिओ काढतो.

पायरी सहावी : सामानाचा पेपर

अ‍ॅडव्हेंचर गाडीला दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या लावायची पद्धत आहे. त्यात एकदा सुकट भरून पाहावी. पेटीत पाणी शिरत नाही असं कंपनी सांगते. आत गेलेला वास बाहेर पडत नाही, हे झाई सांगते. पुढच्या महिन्यात त्याच पेटीत लग्नाचे कपडे घेऊन गेल्यास मंडपात आपल्याभोवती ऐसपैस जागा मिळते. ज्यांना जागा नको असेल त्यांनी कापडी पिशवी आणि जुन्या ट्यूबची पट्टी घ्यावी.

पेट्यांचा दुसरा गुण हद्दीवर कळतो. गुजरातेत दारूबंदी आहे आणि तपासणी होते. पेटी जेवढी मोठी, तेवढं कुतूहल मोठं. पोलिसाने “यात काय आहे?” असं विचारल्यास “पंक्चरचं किट आणि रेनकोट” असं खरं उत्तर द्यावं. ते खरं वाटत नाही, हा पेटीचा दोष. झाकण उघडून दाखवावं. सुकट आधीच भरलेली असेल तर तपासणी लवकर आटोपते.

हद्द ओलांडलीच आहे तर पेट्रोल तिकडे भरावं. कराच्या फरकामुळे गुजरातेत ते स्वस्त पडतं, हे हद्दीवरच्या प्रत्येक घराला पाठ आहे. मात्र इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवावी लागेल : थोरलीच्या वीस लिटरच्या टाकीत बचत जास्त होते. थोरली ठेवण्याच्या बाजूने एवढा एकच आर्थिक मुद्दा आहे आणि ती बचतही थोरली स्वतःच पिऊन टाकते.

पायरी सातवी : मागची सीट

हा पेपर तोंडी असतो. परीक्षक घरच्याच, म्हणजे सौभाग्यवती. थोरलीवर बसताना त्या इतकी वर्षं म्हणत आल्या आहेत, “अहो, यावर चढायचं कसं? कंपनी शिडी देते का?” धाकटीवर त्यांना बसवून घोलवडच्या चढ-उताराने, गतिरोधकांवरून, हातात चिकूची पिशवी देऊन आणावं. वाटेत त्या बोलत राहिल्या, तर गाडी पास. वाटेत गप्प झाल्या, तर मागचं सस्पेन्शन कडक आहे. आणि घरी उतरून “तुम्हाला आवडली ना? मग घ्या” असं म्हणाल्या, तर ती परवानगी समजू नये.

पायरी आठवी : अहंकाराची चाचणी

हा शेवटचा आणि खरा पेपर. थोरली घेऊन टपरीपाशी थांबलं की पोरं जमतात. “काका, केवढ्याला?” “काका, टॉप किती?” “काका, अ‍ॅव्हरेज किती देते?” शेवटच्या प्रश्नाला आपण समुद्राकडे पाहायचो. धाकटी घेऊन त्याच टपरीपाशी थांबावं. कुणी येत नाही. चहावालाही “साहेब” न म्हणता “भाऊ, कटिंग?” एवढंच विचारतो. अर्ध्या तासात एखाद्याने अ‍ॅव्हरेज विचारलंच, तर पहिल्यांदाच मान वर करून उत्तर देता येतं.

साहसाची फारच खुमखुमी असेल तर अस्वालीच्या धरणाकडून बहरोटचा डोंगर पाहून यावा. संजाण ही आपली वसाहत पडल्यावर पारशी मंडळींनी आपला पवित्र अग्नी तिथल्या गुहांत बारा वर्षं जपला, अशी परंपरा सांगते. त्यांच्याकडे २१ इंची पुढचं चाक नव्हतं. रस्ता पायथ्याशी संपतो. तिथून कुठलीही गाडी जात नाही, थोरली नाही आणि धाकटीही नाही. चालत जावं. ज्या गुडघ्यांसाठी हा सगळा खटाटोप मांडला, त्यांचं खरं मत तिथे कळतं.

निकाल

गाडी मित्राला परत देताना गोड्या पाण्याने धुवावी, चेनला तेल द्यावं. खारा वारा उधारी ठेवत नाही. मग कागदावर तीन प्रश्न लिहावेत. बंदरावर दोन्ही पाय टेकले का? रेतीतून गाडी एकट्याने उठली का? घरचं माणूस झाईपासून डहाणूपर्यंत बोलत आलं का? तिन्हीला ‘हो’ असेल तर अ‍ॅडव्हान्स भरावा आणि थोरली पावसाळ्याआधी विकावी. गंज चढलेल्या गाडीचा भाव खारा वाराच ठरवतो. एकालाही ‘नाही’ असेल, तर शंभर सीसीची साधी गाडी घ्यावी. या किनाऱ्यावरचं सगळं अवघड काम आजही तीच करते आहे, आणि तिला कुणी अ‍ॅडव्हेंचर म्हणत नाही.